हवेचा दोष

शहरबानूच्या हातात ओलं फडकं होतं आणि ते भिंतीला लावायचा तिला धीर होत नव्हता.

अंगणात सासूबाई, म्हणजे अम्मा, नमाजाआधी हातपाय धुऊन वजू करत होत्या. तांब्यातलं पाणी पडल्याचा आवाज येत होता. आता त्या आत येतील, पश्चिमेच्या भिंतीसमोर नमाजाचा मुसल्ला अंथरतील आणि त्यांना दिसेल. नुकताच चुना दिलेल्या त्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कोळशानं काढलेली आगबोट होती. नुसती बोट असती तर भागलं असतं. पण डेकवर ट्रंका-वळकट्यांना टेकून माणसं बसली होती, आणि माणसांना नाक, डोळे, तोंड, सगळं होतं.

या घरात बिस्किटाच्या डब्यावरची मडमसुद्धा भिंतीकडे तोंड करून उभी असे. नमाजाच्या खोलीत चेहरा नको, हा अम्मांचा दंडक.

तिची मुलगी हलिमा खाटेखाली बसली होती, बोटं काळी करून. गाव सोडून आगबोटीनं आखातातल्या देऱ्याला आल्यापासून पोरीनं बोलणंच टाकलं होतं. विचारलं तर मान हलवायची, कधी तेवढंही नाही. शहरबानू दिवसभर तिच्या ओठांकडे बघत बसे. नवरा खैरुद्दीन म्हणे, रुळेल इन्शाल्ला, तू आधी रूळ. आणि आज पोरीनं पहिल्यांदा जीव लावून काहीतरी केलं होतं, तर ते पुसायचं फडकं आईच्याच हातात.

खूळ आणलं होतं ते शहरबानूच्या पुस्तकानं. खैरुद्दीनच्या ऑफिसातला एक साहेब विलायतेला परत जाताना पुस्तकांचं खोकं टाकून गेला. त्यात एका जुन्या आयरिश चित्रकाराचं लिखाण निघालं. हा माणूस इतिहासातले प्रसंग रंगवायचा. इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या शहरबानूनं ते उचललं, आणि दुपारी ती ते अम्मांना आपल्या बोलीत सांगू लागली. अम्मा त्याच्याशी अशा भांडत, जसा काही तो ओसरीवरच बसलाय. अमक्या देशाची हवा चित्रकलेला मानवत नाही ही नुसती सबब आहे, दोष हवेचा नसतो, असं त्याचं म्हणणं. अम्मा म्हणाल्या, त्याला म्हणावं, जुलैत देऱ्याला ये आणि काढून दाखव. श्रीमंतांचे चेहरे रंगवत बसण्यात काही मोठेपणा नाही, असंही तो म्हणे. त्यावर अम्मा खूश. चेहरे काढू नयेत हे त्या फिरंग्याला कळलं म्हणजे बरंच झालं. शहरबानूनं ते दुरुस्त केलं नव्हतं.

काल तिनं सांगितलं ते एका ग्रीक चित्रकाराबद्दल. पोटच्या मुलीचा बळी द्यायला निघालेला बाप त्यानं काढला, भोवतीच्या सगळ्यांचं दुःख काढलं आणि बापाचं तोंड मात्र कापडानं झाकून टाकलं. आयरिश माणसाला तो ग्रीक इतका आवडे, की आपल्या चित्रात त्यानं त्या ग्रीकाला स्वतःचाच चेहरा दिला. अम्मांनी एवढंच विचारलं, "मुलगी वाचली का गं?" पुस्तकात ते नव्हतं. हलिमा तेव्हाही खाटेखालीच होती.

पाण्याचा आवाज थांबला. अम्मा दारात आल्या. शहरबानू भिंतीला पाठ लावून उभी राहिली, पण आगबोट तिच्यापेक्षा फार लांब होती.

"सरक, बानू."

ती सरकली. अम्मा भिंतीच्या कडेकडेनं चालत गेल्या. बोट लागून बादलीत डोकं घातलेल्या एका लठ्ठ बाईपाशी थांबल्या.

"ही मी काय?"

खाटेखालून मान हलली.

"बादली एवढी मोठी नव्हती," अम्मा म्हणाल्या आणि पुढे गेल्या. कठड्यापाशी एक बाई एकटीच उभी होती. तिला नाक नव्हतं, डोळे नव्हते. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला होता. अम्मांनी त्या पदरावर बोट टेकवलं.

"हिचं तोंड का गं झाकलंस, बाय?"

पोर बाहेर आली, आजीच्या बाजूला उभी राहिली.

"ती अम्मी आहे," हलिमा म्हणाली. "तिला रडलेलं दिसू द्यायचं नाहीये."

फडक्यातलं पाणी शहरबानूच्या पायावर ठिबकत होतं. पोरीचा आवाज बसका होता, बरेच दिवस बंद राहिलेल्या दारासारखा. पण होता. बोटीत सगळा वेळ शहरबानूनं तोंडावर पदर ठेवला होता, आणि जो विचारेल त्याला सांगितलं होतं की समुद्राची हवा डोळ्यांना सोसत नाही. पोर तेव्हा तिच्या मांडीवर झोपलेली होती. निदान शहरबानूला तसं वाटलं होतं.

अम्मांनी तिच्या हातून फडकं घेतलं. भिंतीकडे नेलं नाही, खिडकीत वाळत टाकलं. मग खाटेवरची पांढरी चादर ओढली, दोन खिळ्यांना अडकवली, आणि आगबोट, बादली, माणसं सगळी तिच्याआड गेली. मुसल्ला अंथरला आणि त्या नमाजाला उभ्या राहिल्या.

शहरबानूनं हलिमाला जवळ घेतलं. पोरीचा कोळसा तिच्या साडीला लागला.

सलाम फेरून झाल्यावर अम्मा गुडघ्यावर हात टेकून उठल्या. चादरीचं एक टोक वर उचलून पुन्हा त्या कठड्याजवळच्या बाईकडे पाहत राहिल्या.

"त्या आयरिश माणसाचं खरंच होतं की, बानू," मागं न बघता त्या म्हणाल्या. "दोष हवेचा नव्हता."