चुलीवरचं घर

चुलीच्या धुरानं हृदय-फुप्फुसं किती झिजतात, हे डॉ. खुमेंद्रनं आपल्याच गावात, मुर्रीत, शोधलं. चिठ्ठ्या टाकून त्यानं अर्ध्या घरांना गॅस दिला, अर्धी चुलीवरच ठेवली. समोरच्या धनवंताकाकूला गॅस लागला, मायच्या वाट्याला चूल आली.

संशोधन गाजलं, खुमेंद्र परदेशात रमला. परतला तो थेट मायच्या तेरवीला.

"दम लागून गेली रे बाबू," धनवंताकाकू सांगत होती. "किती डाव म्हटलं, माह्या गॅसवर रांधून घे. तर म्हणे, नाही, पोराचा हिसाब बिघडन."

खुमेंद्र विझलेल्या चुलीपुढे जाऊन बसला.

 

नात्यातलं माणूस अभ्यासात चालत नाही, म्हणून चिठ्ठ्या निघाल्या त्याच दिवशी मायचं घर त्यानं यादीतून वगळलं होतं. तिला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.