वडाची माती

वटपौर्णिमेला चंद्रकलाने वस्तीच्या चौकातल्या वडाला सूत गुंडाळलं आणि मुळाशी पाणी घातलं. घरी नवरा, दिगंबर, उन्हाचा झटका बसून तापाने फणफणला होता. म्हणून तिने हंड्याच्या तळाशी होतं तेवढं सगळंच पाणी आणलं होतं. दुपारी टँकर येणारच होता. तिच्यामागे साठ बायका तांबे घेऊन उभ्या होत्या.

दुपारी टँकर आला नाही. तिने पालिकेत फोन लावला.

"बाई, तुमच्या वडाची माती ओली आहे," तिथला कारकून म्हणाला. "मुळातला सेन्सर तसं दाखवतोय. माती सुकल्याशिवाय गाडी सुटत नाही."

"अहो, टँकरचं पाणी झाडाला घालून उरलेलं आम्ही पितो. माणसं राहतात इथं!"

"माणसांना सेन्सर नाही लावलेला. शहर गार ठेवतात ती झाडं. चार दिवसांनी बघा."

चंद्रकला घरात आली. दिगंबरच्या कपाळावरची पट्टी वाळून कडक झाली होती. त्याने डोळे किलकिले केले.

"वडाला पाणी घातलंस ना माझ्यासाठी?"

"घातलं," ती म्हणाली. "होतं तेवढं सगळं."