श्यामरावांचा गडगा

श्याम आठल्यांनी पांढरं प्यादं दोन घरं पुढे टाकलं आणि घड्याळ दाबलं. समोर काळी मोहरी घेऊन त्यांचीच मुलगी बसली होती. मनस्विनी, वय वर्षं सोळा.

दोन हजार एकच्या मे महिन्यातली बुद्धिबळाची जिल्हा निवड, शेवटची फेरी. पुण्याच्या राज्य स्पर्धेला रत्नागिरीतून एकच नाव जायचं होतं. श्यामराव अर्ध्या गुणाने पुढे होते, म्हणून बरोबरी झाली तर त्यांचं, मनस्विनी जिंकली तर तिचं. आजवर ते श्यामरावांचंच जात आलं होतं आणि त्याचं कारण रत्नागिरीच्या सगळ्या मांडवी भागाला पाठ होतं. पांढरी मोहरी हातात आली की हा माणूस एकच रचना मांडायचा. एक उंट बाहेर, त्याच्यामागे प्याद्यांची तिरकी ओळ, दुसरा उंट ठरल्या घरात, घोडे, मग राजा कोपऱ्यात. समोरच्याने काहीही खेळावं, यांचा हात आपला चालूच. लोक त्याला श्यामरावांचा गडगा म्हणत. बागेभोवती चिऱ्यावर चिरा ठेवून कुंपण रचतात ना, तसाच. भलेभले त्यावर डोकं आपटून अर्धा गुण घेऊन घरी गेले होते.

मनस्विनी पहिल्याच चालीवर अडली.

आपणही मधलं प्यादं दोन घरं टाकायचं आणि समोर दुसरा गडगा रचायचा, हे तिला झोपेतसुद्धा जमलं असतं. घरी रोज संध्याकाळी तेच चालायचं आणि रोज बरोबरी. दुसरा बचाव तिने एकटीने शोधला होता. पटाच्या मध्याला हातच लावायचा नाही. प्यादी एकेक घर, उंट कोपऱ्यात, आणि बाबांना निवांत रचू द्यायचं. सवयीने ते दुसरा उंट नेहमीच्या घरात ठेवणार, आणि तिथेच सापडणार. इतकी वर्षं समोरचे सगळे मध्यात प्यादं आणून बसायचे, म्हणून त्या घराला कधी धोकाच नव्हता.

पण मग लोक काय म्हणणार? सकाळी चहाच्या वेळी, डाव बघायला आलेले भिकाजी शेट्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले होते, "आज बघायचंय काय? बाप लेकीला डाव सोडणार नि आपण पेढे खाणार." सगळे हसले होते. श्यामराव आठल्ये आठव्या-नवव्या चालीत उंट घालवतात, हे बघून कोण म्हणणार होतं की पोरीने तो मारला? मनस्विनीचा नुसता संताप झाला. बरोबरी घेतली तर कुणी ब्र काढणार नव्हतं. आणि पुणंही नव्हतं.

तिने घोड्यापुढचं प्यादं सरकवलं. एकच घर.

श्यामरावांनी त्याकडे धड पाहिलंही नाही. उंट, प्यादं, घोडा. दोन चालींच्या मध्ये ते खिडकीतून जेटीकडे बघत होते. दुसरा उंट ठरल्या घरात बसला, राजा कोपऱ्यात गेला, गडगा पुरा झाला. तेव्हा मनस्विनीने आपल्या राजासमोरचं प्यादं दोन घरं ढकललं, थेट बाहेरच्या उंटावर. उंट मागे सरला. प्यादं आणखी एक घर पुढे आलं. आता त्याच्या एका बाजूला दुसरा उंट, दुसऱ्या बाजूला घोडा. दोघांतला एक जाणारच होता.

श्यामरावांचा हात पहिल्यांदाच हवेत थांबला.

"झालं," मागून भिकाजी शेजाऱ्याला म्हणाले. "सांगितलं नव्हतं तुला?"

मनस्विनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. उंट हातात आला होता आणि जिंकल्याची सगळी मजा निघून गेली होती.

अशा वेळी शहाणा खेळाडू हात मिळवून उठतो. श्यामराव स्वतः मुलांना तेच बजावायचे, मोहरा गेला की उठावं, समोरच्याचा वेळ खाऊ नये. मनस्विनी वाट बघत राहिली. त्यांनी हात पुढे केला नाही. खुर्ची आत ओढली, दोन्ही कोपरं टेबलावर टेकली आणि खेळायला लागले.

आणि कसे खेळले! असे बाबा तिने घरी कधी पाहिलेच नव्हते. एक मोहरा कमी, तरी प्रत्येक चालीत काहीतरी कपट. वजीर तिच्या राजाच्या दारात आणून उभा केला. तिने तो हाकलला, तर घोडा दुसरीकडून घुसला. एकदा तर वाचायला एकच चाल होती, आणि ती सापडेपर्यंत तिच्या कपाळावरचा घाम पटावर टपकला. बाकीचे डाव आटोपले, पंच उभ्याने बघायला आले, जेवणं थंड झाली. भिकाजींची कुजबुज कधीच बंद पडली होती. हळूहळू ती एकेक मोहरा कापत गेली. शेवटी पांढरा राजा एकटा उरला. श्यामराव तेव्हाही उठले नाहीत. तिने प्याद्याचा वजीर केला आणि मात दिली, तेव्हा कुठे त्यांनी हात पुढे केला.

"श्यामराव, उंट गेला तेव्हाच सोडायचात की डाव," भिकाजी म्हणाले. "पोरीला उगाच घाम फोडलात."

"तेव्हा सोडला असता तर तुम्ही म्हणाला असतात, बापाने दिलान."

श्यामराव उभे राहिले. पंचांना म्हणाले, "लिहा नाव. मनस्विनी श्याम आठल्ये. हरवलंन मला." हे सांगताना त्यांची छाती अशी फुगली होती, की नवख्याला वाटावं हेच जिंकले.

मग त्यांनी आपली खुर्ची मागे ओढून धरली आणि जमलेल्या सगळ्यांकडे बघितलं.

"अजून कुणाला वाटत असेल मी दिला, तर त्याने बसावं इथे तिच्यासमोर. मोहरी मी मांडून देतो."