पडून राहण्याचा खर्च

"अहो, निदान पायाची बोटं तरी हलवा," बायको काचेपलीकडून म्हणाली. स्पीकरमधून ते आत पोचलं.

घड्याळजीने बोटं हलवली नाहीत. हलू नका, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, आणि न हलण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

खोली हवाबंद होती. आत जाणारी हवा मोजली जायची, बाहेर येणारीही. त्यावरून आतल्या माणसाचं शरीर किती ऊर्जा जाळतंय ते कळायचं. पाव, बटाटे, साखर बंद करून नुसतं लोणी, अंडी आणि चीज दिलं, तर जाड माणसाचं शरीर जास्त जाळू लागतं का, असा डॉक्टरबाईंचा प्रश्न होता. सासरच्यांचा प्रश्न त्याच्या आधीचा होता. हा माणूस मुळात काही जाळतो का?

तो प्रश्न मेहुण्याने काढलेला. मेहुणा रोज सकाळी धावायचा आणि उरलेला दिवस त्याबद्दल बोलायचा. "दाजी लोकांचे काटे फिरवतात, स्वतः मात्र बंद पडलेत," असं तो प्रत्येक वाढदिवसाला म्हणायचा. सगळे हसायचे. घड्याळजीही हसायचा. मग दुकानात जाऊन, डोळ्याला भिंग लावून, बराच वेळ एकच स्क्रू पुसत बसायचा.

म्हणूनच त्याने या प्रयोगात नाव दिलं. "एकदा यंत्रालाच सांगू दे," तो बायकोला म्हणाला. "आळशी निघालो तर आळशी."

"आणि मी माहेरी काय तोंड दाखवू?" ती म्हणाली होती. यंत्र शून्य दाखवणार, याची तिला खात्री होती.

तुलनेसाठी एक सडपातळ माणूस हवा होता. मेहुणा आनंदाने तयार झाला. त्यालाही आदल्या आठवड्यात याच खोलीत दिवसभर पडून राहावं लागलं. बाहेर आला तेव्हा तो आजारी दिसत होता.

आज निकाल होता. डॉक्टरबाई चेहरा पाडून आल्या.

"निराशा झाली," त्या म्हणाल्या. बायकोने पर्स छातीशी धरली. "लोणी-अंड्यांवर खर्च वाढला, पण अगदी किंचित. तोही हळूहळू ओसरला. आहाराने म्हणावा तसा फरक पडला नाही."

"म्हणजे शून्य," मेहुणा म्हणाला. "मी ओरडून सांगत होतो."

"शून्य कसं?" डॉक्टरबाईंना आश्चर्य वाटलं. "एवढं मोठं शरीर चालवायचं म्हणजे काय खेळ आहे? दोघंही नुसते पडून होतात, तेव्हा यांनी तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त जाळलं. तुमचं रोजचं धावणं त्यात मिळवलं, तर तुम्ही यांच्या पडून राहण्यापर्यंत जेमतेम पोचता."

मेहुणा खुर्चीत बसला. त्याला असं बसलेलं नातेवाइकांपैकी कोणीच याआधी पाहिलं नव्हतं.

आत घड्याळजी तसाच पडून होता. पडद्यावरची रेघ मात्र वर चढू लागली.

"हलू नका म्हटलं होतं ना!" डॉक्टरबाई ओरडल्या.

"हललो नाही हो," आतून आवाज आला. "छाती फुगली जरा."

काचेला नाक लावून बायको नवऱ्याकडे पाहत राहिली, शेजारी एवढा मोठा कारखाना आहे हे इतकी वर्षं कोणी सांगितलंच नव्हतं, अशी. मग तिने डॉक्टरबाईंना ते सगळं पुन्हा एकदा, सावकाश म्हणायला लावलं आणि फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. संध्याकाळपर्यंत ते माहेरी सगळ्यांनी ऐकलं होतं.

रविवारी दुपारी मेहुण्याने घराची बेल वाजवली. एकदा, दोनदा, मग बोट न उचलता. आतून खणखणीत घोरणं ऐकू येत होतं.

बायकोने दार किलकिलं केलं, बाहेर आली आणि मागे हळूच ओढून घेतलं.

"दाजी आहेत का?" त्याने विचारलं.

तिने मान ताठ केली.

"आहेत, पण आत्ता भेटता येणार नाही," ती कुजबुजली. "ते कामात आहेत."