दंडाचं भांडण

“दंड परत द्या,” काउंटरवर पासबुक आपटून तो म्हणाला. हे वाक्य त्याने घरून घोकून आणलं होतं. ते संपलं, आणि पुढे काय बोलायचं ते त्याला सुचेना.

काचेपलीकडच्या कारकून बाईंनी मान वर केली. “कसला दंड, काका?”

त्याने पासबुकावर बोट ठेवलं. खात्यात किमान रक्कम राहिली नाही म्हणून बँकेने गेले दोन महिने पैसे कापले होते. खातं बायकोचं होतं. त्याआधीचे सगळे दंड तिने स्वतः येऊन, भांडून परत मिळवले होते. बँकेने पैसे कापले की ती ठेवणीतले कपडे घालायची, नीट केस विंचरायची आणि दारातून म्हणायची, “आज त्या बँकवाल्यांना सोडत नाही, बघाच तुम्ही!” तो मान हलवायचा.

सोफे-खुर्च्यांना नवं कापड चढवायचा त्याचा धंदा. काम घरातच, पुढच्या खोलीत. कापड ताणायला एक हात, हातोडीला दुसरा, म्हणून बारीक खिळे ओठांत धरायचे आणि एकेक काढून ठोकायचे, अशी त्या कामाची रीत. खिळे तोंडात असले की बोलता येत नाही. संध्याकाळी ते डबीत काढून ठेवल्यावरही जीभ हलायला तयार नसायची. बायको बोलायची, तो ‘हूं’ म्हणायचा. लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं. त्यात काही वावगं आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

मग ती आजारी पडली. दवाखान्यात शेवटी शेवटी तिला वाक्य पुरं करताना धाप लागायची. तरी ती म्हणाली, “तेवढा दंड परत आणा हं. तुम्ही स्वतः जा. लेकीला पाठवू नका.” तेव्हाही त्याने मान हलवली.

लेक फोनवर म्हणाली होती, “बाबा, सोडा ना आता. जाण्यायेण्यातच तेवढे पैसे जातील.” पण बायकोने मागितलेलं हे शेवटचं काम होतं. एवढंही जमलं नाही, तर आपण तिच्या कुठल्या उपयोगाचे होतो? गेले कित्येक दिवस त्याच्या डोक्यात तेवढंच घोळत होतं.

बाईंनी पासबुकावरचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “अहो, म्हणजे तुम्ही काकूंचे ते! आणि काकू कुठेत? दोन महिने वाट बघतेय मी त्यांची.”

“गेली,” तो म्हणाला.

बाईंच्या हातातला शिक्का तसाच राहिला. मागे रांगेत कुणीतरी कुरकुरलं, “काका, आवरा की. आम्हालाही घरदार आहे.”

“असू दे घरदार! थांबा जरा,” बाई रांगेतल्या त्या माणसावर खेकसल्या. पासबुक घेऊन त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे लाल झाले होते. “झालं काम, काका. दोन्ही महिन्यांचा दंड खात्यात परत जमा केलाय.”

भांडायची पूर्ण तयारी करून तो आला होता. आता भांडायलाच कुणी उरलं नाही, तसा त्याला भलताच राग आला.

“आज एका सहीत होतंय,” तो म्हणाला. “मग तिला का खेटे घालायला लावलेत इतकी वर्षं? गुडघे दुखायचे तिचे. कायमचं बंद नव्हतं करता येत?”

“येत होतं की. साधा अर्ज आहे. एक सही केली की किमान रकमेची अटच जाते. मी किती वेळा पुढे केला त्यांच्या. काकू सहीच करायच्या नाहीत.” बाईंनी आवाज खाली आणला. “उलट महिनाअखेरीला येऊन थोडे पैसे काढायच्या. शिल्लक मुद्दाम खाली न्यायच्या, दंड लागावा म्हणून. एकदा मी रागावलेसुद्धा. तर म्हणाल्या, ‘अगं, दंड बंद झाला तर मी इथे यायचं कोणत्या निमित्ताने?’”

त्याला काही उमगेना. “इथे येऊन काय करायची ती?”

“बोलायच्या! ह्या इथे, स्टुलावर बसून. आणि सगळं तुमच्याबद्दल. काल हे असं म्हणाले, आज हे तसं म्हणाले. हसून हसून आमची पुरेवाट व्हायची. तो सोफ्यात उंदीर निघाला तेव्हा तुम्ही म्हणालात ना, ‘मारू नको गं, गिऱ्हाइकाने मोजून दिलाय, परत द्यावा लागेल’? साहेबांनीसुद्धा केबिनमधून बाहेर येऊन ऐकलं होतं ते.”

सोफ्यात उंदीर निघाला होता, हे खरं. वाक्य मात्र बायकोचं होतं. बोलून ती एकटीच हसली होती. तो पाठमोरा बसून ठोकत राहिला होता.

तो काचेला धरून उभा राहिला. सांगायला हवं होतं. ओठ उघडले, पण शब्द आला नाही.

बाईंनी खिडकीतून पासबुक सरकवलं आणि त्याच्या हातावर हात ठेवला.

“सावरा, काका,” त्या म्हणाल्या. “तुमच्यासारख्या बोलक्या माणसाला असं गप्प झालेलं बघवत नाही हो.”