जुन्याच गोळ्या

"पुन्हा फाकला!" मुकुंद सरांनी टार्गेटचा कागद असा ओढला की तो कोपऱ्यात फाटलाच. "साजिया, इकडं ये. हा ग्रुप आहे का चाळणी?"

अर्ध्या गोळ्या एकाच भोकातून गेलेल्या, बाकीच्या वाट फुटेल तिकडं. काल सगळ्याच भरकटल्या होत्या आणि परवा सगळंच झकास. रायफल रोजच वाईट मारत असती तर सरांनी तिला केव्हाच वठणीवर आणली असती. ही कधी शहाणी, कधी वेडी. आणि रविवारी पुण्याला निवड चाचणी. तिथं पहिल्या तिघींत आली तरच साजिया राष्ट्रीय शिबिरात जाणार होती. एमआयडीसीतल्या बियाण्याच्या रिकाम्या गोदामात सरांनी नेमबाजीची ही रेंज थाटली, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. त्या लोकांची तोंडं बंद करणारी ही पहिलीच पोर.

सरांचा राग तसा कायम नाकाच्या शेंड्यावर. हा आठवडाभर तर तो खाली उतरलाच नव्हता. दस्त्याचे स्क्रू आवळून झाले, नळी साफ झाली, हवेचा दाब तपासला, नेम धरायची मागची साइट काढून परत बसवली. शेजारच्या रोलिंग मिलच्या हादऱ्यांना शिव्या घालून झाल्या. शेवटी त्यांनी रायफल टेबलावरच्या लोखंडी व्हाइसच्या पकडीत घट्ट बांधली, कपाटातल्या रेंजच्या गोळ्या घेतल्या आणि स्वतः चाप ओढत राहिले. कागदावर एकच भोक पडलं.

म्हणजे रायफल निर्दोष. खरं तर माणसानं सुटकेचा निःश्वास टाकावा. सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"रायफल बराबर आहे! मंग जे बदललंय ते तू बदललंयस. काय बदललं? खरं सांग."

साजियाचे वडील लालमियाँ त्याच मिलमध्ये क्रेन चालवायचे. पोरी आपापल्या गोळ्या घरून आणत, आणि साजियाचं सगळं सामान लालमियाँच मागवत. एरवी ही पोर सरांनाही उलट उत्तर द्यायला कमी करत नसे. आज छातीवर हात ठेवून नुसती बुटांकडं बघत राहिली.

"गोळ्या, सर," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"गोळ्या बदलल्या. मागच्या महिन्यात. मी सांगणारच होते तुम्हाला..."

"कोणाला विचारून?"

"अब्बांना. जुन्या नियमात बसत न्हाईत, सर. मोठ्या चाचणीत धरतात म्हणे."

"कोण म्हणतं?"

"ते परतूरचे..."

"परतूरचे!" सरांचा आवाज पत्र्याला जाऊन थडकला. बाजूच्या लेनवरच्या पोरींनी रायफली खाली ठेवल्या. "आता परतूरच्या दीडशहाण्यांनी मला नेमबाजी शिकवायची? उचलली जीभ, लावली टाळ्याला! मी नॅशनल खेळलोय. जुन्या चालतात!"

"पण सर, सापडले तर..."

"कोण धरतंय बघतो ना! मी उभा राहतो तिथं."

साजिया त्यांच्याकडं बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले.

"तुम्ही म्हणता हे, सर?"

"मीच म्हणतो. परत विचारू नको."

एवढ्यानं समाधान होईल तर ते मुकुंद सर कसले! त्यांनी तिथूनच लालमियाँना फोन लावला.

"लालमियाँ, पोरीच्या गोळ्या बदलायची अक्कल कोणी दिली तुम्हाला? ऐन चाचणीच्या तोंडावर!"

"सर, ते म्हणले का खेळात ह्या चालत न्हाईत..."

"चालतात! किती वेळा सांगू? आजपासून जुन्याच. नसतील तर जल्दी मागवा."

"घरात हायेत, सर. फेकल्या न्हाईत."

"मंग झालं तर!"

लालमियाँनी फोनवरच दोनदा शुक्रिया म्हटलं. सरांसारखा माणूस जबाबदारी घेतोय म्हटल्यावर त्यांचाही जीव भांड्यात पडला असावा.

आणि ग्रुप मिटला, भोकं पुन्हा एकात एक पडू लागली. पहिल्या दिवशी थोडा, मग पुरता. सर कागद उचलून एकेका पोरीला दाखवत फिरले. साजिया मात्र त्यांच्याशी नजर मिळवेना. डबा एकटी खायची, काम असेल तेवढंच बोलायची. फुगलीय, सरांनी मनात म्हटलं. फुगू दे. ओरडल्याशिवाय कोणाचं भलं झालंय?

पुण्याला साजिया दुसरी आली.

सरांनी टाळ्या वाजवल्या त्यासुद्धा रागारागानं. "सांगा त्या परतूरच्या शहाण्याला!" ते लालमियाँच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "आमची पोर शिबिरात चालली म्हणावं!"  लालमियाँ रुमालानं डोळे पुसत होते. साजिया रायफल पेटीत ठेवत होती. तिचा चेहरा काही जिंकलेल्या पोरीचा नव्हता.

तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र घातलेल्या एक बाई आल्या.

"साजिया तुम्हीच ना? लघवीचा नमुना द्यावा लागेल. बंदी असलेल्या औषधांची तपासणी आहे, पहिल्या तिघींची होते. सध्या काही औषध चालू आहे?"

"हिला?" सर मोठ्यानं हसले. त्या आठवड्यातलं त्यांचं ते पहिलंच हसणं. "अहो, ही पोर साधा चहा पीत न्हाई. बिलकुल घ्या नमुना! दोन घ्या!"

साजियानं इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरांकडं सरळ पाहिलं. 

लालमियाँ मात्र मोठ्या अदबीनं पुढं आले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून मेडिकलमधली, अर्धी रिकामी झालेली पट्टी काढून बाईंच्या हातात दिली.

"ह्या हायेत, मॅडम. हिच्या छातीच्या धडधडीच्या. परतूरच्या डाक्टरनं बंद केल्त्या, पण आमचे सर म्हणले, चालतात, जुन्याच गोळ्या द्या."