काठीवरचा हात

कॉलेजातली बहुतेक मुलं युद्धावर गेली होती, म्हणून नाटकात पुरुषांची कामं आम्ही मुलींनी मिशा चिकटवून केली आणि बायकांच्या कामांना गल्लीतल्या काकू-मावश्या आल्या. आजीचं काम तेवढं माझ्या दादाकडे होतं. एकोणिसाव्या वर्षी भरतीच्या यादीत नाव लागूनही तो गेला नव्हता; पांढऱ्या टोपाखाली कुणाला ओळखू येणार नाही, असं आईला वाटलं होतं. तालमीत सर रोज खेकसायचे, "अरे, म्हातारीचा हात आहे तो! काठीवर जरा थरथरू दे!" तेवढं काही त्याला जमलं नाही. प्रयोग संपल्यावर सर सवयीने माइकवर बोलून गेले, "चला, टोप-मिशा उतरवा आणि आपापली नावं सांगा." मग त्यांना पहिल्या रांगेत यादी घेऊन बसलेला भरती अधिकारी दिसला आणि त्यांची बोबडीच वळली. आम्ही जमेल तितका वेळ काढत मिशा उपटल्या, नावं सांगितली. दादाची पाळी आली, तशी प्रेक्षकांतून आई उठली आणि तरातरा रंगमंचावर आली. "पुरे झालं नाटक, आई. औषधाची वेळ टळून गेली," म्हणत तिने पोटच्या पोराला दंडाला धरून पायऱ्यांपर्यंत आणलं. अधिकारी उठला. "जपून हं, आजी," म्हणत त्याने आधाराला हात पुढे केला. दादाने तो धरला. "किती थरथरतोय हो यांचा हात!" अधिकारी म्हणाला. "वय झालं," आई म्हणाली.